डब्याचं वजन

"हा तर सरपंच वाटतोय," मी म्हणलं. "पोट बघ त्याचं."

गुलाबनं उंदीर शेपटीच्या बुडाशी धरून डब्यात सोडला, डबा काट्यावर ठेवला, आकडा थांबायची वाट बघितली आणि ओठ हलवत मनातल्या मनात वजाबाकी केली. काट्याला त्यासाठी बटण होतं. रिकामा डबा ठेवून ते दाबलं की काटा आपला आपणच डब्याचं वजन सोडून द्यायचा. पण गुलाब मुलाणीचा बटणावर भरवसा नव्हता. तो रोज सकाळी रिकाम्या डब्याचं वजन वेगळं घ्यायचा आणि प्रत्येक उंदरामागं स्वतः वजा करायचा. डबा धुतला की कुठंतरी ओल राहते, म्हणायचा. ती ओल उंदराच्या नावावर कशाला चढवायची?

"वाढलंय," तो म्हणाला. "परत वाढलंय, कैलास."

"वाढणारच. नशेत आहे तो. नशा उतरताना माणूस शिळ्या भाकरीला पण सोडत नाही, हा तर उंदीर."

"गप रे. आजारी आहे तो."

"आजारी असा दिसतो होय? मला पण लाव मग हा आजार."

तेव्हा आम्ही दोघं कराडच्या पुढं माळावरच्या एका संशोधन संस्थेत ॲनिमल हाउसला होतो. पिंजरे साफ करणं, दाणापाणी बघणं, उंदीर-ससे धरणं, वजनं घेणं, हे आमचं काम. त्या वर्षी केळुसकर मॅडमनी नवीन प्रयोग काढला होता. गांजाच्या झाडापासून काढलेला अर्क तेलात मिसळून उंदरांना पाजायचा आणि लिव्हर खाणाऱ्या विषाणूवर तो चालतो का बघायचं. आधी सगळ्या उंदरांना विषाणू टोचला. मग अर्ध्यांना अर्काचं तेल, अर्ध्यांना नुसतं तेल. बाटल्या दुसऱ्या विभागातून भरून यायच्या, काहींची झाकणं लाल, काहींची पिवळी. कुठल्या रंगात काय आहे ते आम्हालाही माहीत नव्हतं आणि मॅडमनाही. आपलं मन एका बाजूला झुकू नये म्हणून.

आता मन झुकू नये हे ठीक. पण लाल पिंजऱ्यातले उंदीर केस पिंजारून कोपऱ्यात बसलेले, आणि पिवळ्यातले खाऊन खाऊन ढेरी आलेले. कुठल्या बाटलीत काय आहे ते आंधळ्यालाही कळलं असतं.

अर्क सरकारी परवान्यानं आलेला. कपाटाला दोन कुलपं, आणि मधूनमधून एक्साइजचा साहेब सील तपासायला यायचा. अशी संधी मी सोडणार होय? खोलीच्या दारावर पाटी चिकटवली: 'श्री मूषकनाथ महाराज मठ. चिलीम बाहेर ठेवूनच आत यावे.' साहेबानं पाटी वाचली. हसला नाही, रागावला नाही. सील बघितलं, सही केली, आणि जाताना बूट काढून दाराला हात जोडले. त्या दिवसापासून माझा सरकारी नोकरांबद्दलचा आदर वाढला.

एकदा मी एका पांढऱ्या उंदराला लॅबातल्या रंगानं गुलाबी केलं आणि बघायला आलेल्या पाहुण्यांना सांगितलं, ही गोव्याची जात आहे, फक्त काजू खाते. त्यातल्या एका बाईंनी पर्समधून काजू काढून दिले. अर्धे मी खाल्ले, अर्धे उंदरानं. मॅडमनी मला खोलीत बोलावून झापलं, आणि दार लावून घेतल्यावर एकट्याच हसत बसल्या, हे मी काचेतून बघितलं.

पण त्या दिवसांत गुलाब माझ्या एकाही गमतीला हसत नव्हता. त्याला कारण होतं.

त्याच्या बायकोला, नूरीभाभींना, पांढरी कावीळ होती. म्हणजे तोच प्रकार, माणसातला. बरीच वर्षं अंगात गुपचूप बसून होती. कळलं तेव्हा लिव्हर आवळत आलेलं. मोठ्या दवाखान्यात नेलं, तपासण्या झाल्या, आणि शेवटी डॉक्टरनं गुलाबच्या खांद्यावर हात ठेवून सांगितलं, घरी घेऊन जा, आवडीचं खाऊ-पिऊ घाला. ह्या वाक्याचा अर्थ आपल्याकडं शेंबड्या पोरालाही कळतो. गुलाबला पण कळला. पण तो रोज सकाळी पिवळ्या पिंजऱ्यातली वजनं घेत होता, आणि ती वाढत होती.

"मॅडम," त्यानं एकदा विचारलं, "हे लागू पडलं तर माणसांना कधी?"

मॅडम हातमोजे काढत होत्या. "अजून लांब आहे, गुलाबभाई. उंदरांनंतर मोठे प्राणी. मग परवानग्या. मग माणसं."

"पण पहिल्यांदा माणसं घ्याल तेव्हा कुणीतरी लागेलच ना?"

मॅडमना भाभींचं माहीत होतं. त्या त्याच्याकडं बघत राहिल्या. "लागेल," म्हणाल्या. "आधी हे तर होऊ दे."

'लागेल' हा एक शब्द गुलाबनं उचलला आणि घरी नेला. आता एकच करायचं होतं. तोवर भाभींना धरून ठेवायचं.

मी त्याला म्हणलं, "लेका, झाड तर तेच आहे. माझ्या ओळखीचा एक बुवा आहे नदीकाठच्या मठात. परवाना नाही त्याच्याकडं, पण माल पोत्यानं आहे. आणून देऊ?"

"नको."

"का? तुझे उंदीर खातात ते चालतं?"

"त्यात किती काय आहे ते मोजलेलं आहे. बुवाच्या पोत्यात काय आहे कुणाला ठाऊक? न मोजलेलं मी तिला पाजणार नाही, कैलास."

असा माणूस. घरी भंगारातून एक उभं राहायचा वजनकाटा आणला होता त्यानं, दुरुस्त करून. दर शुक्रवारी संध्याकाळी भाभींना त्याच्यावर उभं करायचा. आणि शनिवारी सकाळी मला सांगायचा, टिकलंय. कधी म्हणायचा, जरा वाढलंय.

मला बरं वाटायचं. भाभींच्या हातचं मी पोरवयापासून खात आलोय. म्हणलं, चला, उंदीर पण वाढतायत, भाभी पण वाढतायत.

मधे एक दिवस त्याच्या पिशवीतून खलबत्त्याचा लोखंडी बत्ता निघाला. सशांचं वजन करायच्या मोठ्या काट्याशेजारी ठेवलेला.

"हे काय? मॅडमनी उंदीर झोपवायची पद्धत बदलली का?" मी म्हणलं. "ठेचायचे आता?"

"बूड झिजलंय त्याचं. लोहाराकडं दाखवायचाय." त्यानं बत्ता उचलून पिशवीत टाकला. मी पण विसरलो.

मग प्रयोग संपला. आमच्याकडं उंदीर मारले असं म्हणायची पद्धत नाही. झोपवले म्हणतात. लाल पिंजऱ्यातले बरेचसे आधीच झोपवले होते, कारण वजन ठरावीक हद्दीच्या खाली उतरलं की त्या जनावराला आणखी सोसायला लावायचं नाही, असा नियम. पिवळ्यातले शेवटपर्यंत राहिले. गुलाबनं त्यांना एकेक करून मॅडमच्या हातात दिलं. मग लिव्हर काढून तपासणीला गेली, आणि आम्ही वाट बघत बसलो. त्या दिवसांत गुलाबनं रिकामे पिंजरे इतके घासले की त्यांचा रंग गेला.

निकाल आला त्या दिवशी मॅडमनी आम्हा दोघांना खोलीत बोलावलं. चहा मागवला होता. चांगली बातमी मॅडम नेहमी दारातच सांगायच्या.

"पिवळ्यात अर्क होता," त्या म्हणाल्या. "तुम्हाला माहीतच होतं."

"हो," गुलाब म्हणाला.

"विषाणू दोन्हीकडं सारखाच आहे. लिव्हर दोन्हीकडं सारखंच गेलंय." त्यांनी कप उचलला आणि न पिता खाली ठेवला. "अर्कानं भूक वाढवली. विषाणूला हातही लावला नाही."

बाहेर कुणीतरी ट्रॉली ढकलत गेलं. तिचं एक चाक वाजायचं.

"पण मॅडम, वजन," गुलाब म्हणाला. "वजन मी स्वतः घेतलंय. रोज."

"तुमचं माप चुकलं नाही, गुलाबभाई. वजन खरंच वाढलं होतं. चुकलं ते माझं. वजन म्हणजे तब्येत, असं मी धरून चालले." मॅडमचा आवाज बसला. "आणखी एक आहे. लालमधल्यांचं वजन उतरलं म्हणून आपण त्यांना लवकर सोडवलं. पिवळ्यातल्यांचं वजन धरून राहिलं म्हणून त्यांना ठेवलं. जास्त कुणी सोसलं असेल, तर ते त्यांनी."



गुलाब उठला, तिन्ही कप गोळा केले, मॅडमचा भरलेला कपसुद्धा, आणि बाहेर गेला. मी त्याच्या मागं. तो नळाखाली वजनाचा डबा धूत होता. तो डबा आता कुणाला लागणार नव्हता.

"संध्याकाळी घरी येतोस?" तो म्हणाला. "शुक्रवार आहे."

"येतो की."

"तिला सांग, लागू पडलं म्हणून."

"मी? अरे, माझ्यावर कुत्रं विश्वास ठेवत नाही."

"मी सांगितलं तर तिला लगेच कळतं. माझे कान लाल होतात." त्यानं नळ बंद केला. "तुझं खरं कुठलं नि खोटं कुठलं, ते आजवर कुणाला ओळखता आलंय? तू सांग."

आयुष्यात पहिल्यांदा कुणीतरी मला खोटं बोलायची विनंती करत होतं. एरवी मी हे काम फुकट आणि न सांगता करतो.

संध्याकाळी गेलो. भाभी दारातल्या बाजेवर बसून लसूण सोलत होत्या. हात काटकीसारखे झालेले, डोळे हळदीसारखे. पण डोक्यावरचा पदर नेहमीसारखा, आणि जीभ पण.

"या भावजी. आज कुणाला फसवून आलात?"

"आज कुणीच गावलं नाही, म्हणून इकडं आलो."

"उंदीर काय म्हणतात?"

मी गुलाबकडं बघितलं. तो चपला जागेवर लावत होता. त्या आधीच जागेवर होत्या.

"उंदीर? अहो भाभी, डोक्यावर बसलेत. इतके बरे झालेत, इतके बरे झालेत की काल युनियन काढली त्यांनी. रोज दाणे खाणार नाही म्हणतात. आठवड्यातनं एकदा मटण पाहिजे, आणि रस्सा वेगळा."

"रस्सा पण?"

"रस्सा पण. सरपंच आहे ना त्यांचा, तो तर माझ्यावर गुरगुरतोय."

"म्हणजे लागू पडलं?"

"पडलं म्हणजे? फुल्ल पडलं."

भाभी हसायला लागल्या. हसता हसता ठसका लागला, गुलाब पाणी घेऊन धावला, आणि ठसक्यातनं पण त्या हसतच होत्या. गुलाब माझ्याकडं बघून जरासा हसला. बऱ्याच दिवसांनी.

"चल, वजन करू," तो म्हणाला.

"करा. जरा लुगडं सारखं करून येते." भाभी भिंत धरत आतल्या खोलीत गेल्या.

त्या घरात गेलो की चहा मीच करतो, ही जुनी पद्धत. आधण ठेवलं, आलं काढलं, खल ओढला. खल होता, बत्ता नव्हता. मांडणीवर बघितलं, ओट्याखाली बघितलं, नाही. म्हणलं, लोहाराकडं राहिला असेल. शेवटी पितळी पेल्याच्या बुडानं आलं ठेचलं.

भाभी बाहेर आल्या त्या वेगळ्याच चालीनं. सावकाश, पाय जरा फाकून, डावा हात कमरेवर दाबून. काट्यावर चढताना गुलाबनं दंडाला धरलं. त्यांच्या लुगड्याच्या आत काहीतरी काट्याच्या दांड्याला लागलं आणि ठण्ण आवाज झाला.

लोखंडाचा आवाज.

गुलाब वाकून आकडा बघत होता. त्याचे ओठ हलले. मग तो सरळ झाला आणि मोठ्यानं म्हणाला, "वाढलं. मागच्या वारापेक्षा वाढलं."

"वाढणारच," भाभी म्हणाल्या. "ह्यांनी दोन्ही टाइम कोंबलंय मला."

गुलाब काटा उचलून माडीवर ठेवायला गेला. भाभी माझ्याजवळ आल्या, ओट्याला टेकल्या.

"आलं कशानं ठेचलंत, भावजी?"

"पेल्यानं."

आम्ही एकमेकांकडं बघितलं. गमती करणाऱ्या माणसाला दुसऱ्याची गंमत लगेच ओळखू येते. कमरेवरचा हात त्यांनी काढला नव्हता.

"त्यांना सांगू नका," त्या म्हणाल्या. "वजन उतरलं की जेवत नाहीत ते. ताट पुढं सारून बसतात. दोघांत एकानं तरी जेवायला पाहिजे."

"भाभी, हे..."

"तुम्ही सगळ्या गावाला फसवलंत, भावजी. माझी ही एकच आहे. सांभाळा." मग आवाज आणखी खाली आणून म्हणाल्या, "आणि औषध लागू पडलं नाही ना?"

मी चहा गाळायला घेतला.

"तुम्ही रस्सा मागवलात तेव्हाच मला कळलं," त्या म्हणाल्या. "खरंच पडलं असतं तर तुम्ही नुसतं सांगितलं असतं. दारातनंच ओरडत आला असता. पण चांगलं सांगितलंत. हसले मी. त्यांना वाटलं, पटलं मला."

जिन्यावर गुलाबची पावलं वाजली. भाभींनी पदर सावरला आणि मोठ्यानं म्हणाल्या, "साखर जास्त टाका हो. अंगात ताकद यायला पाहिजे."

चहा झाला. मी निघालो तसा गुलाब मला स्टँडपर्यंत सोडायला आला. माझ्या पोटात भाभींचं गुपित होतं, आणि ते बत्त्यापेक्षा जड लागत होतं. म्हणलं, सांगावं का? हा बिचारा त्या आकड्यावर जगतोय. उद्या अचानक काही झालं तर म्हणेल, काल तर वाढलं होतं. पण भाभींना शब्द दिला होता. म्हणजे दिला नव्हता. पण त्यांनी घेतला होता.

स्टँडवर बाकावर बसलो.

"पटलं तिला?" गुलाबनं विचारलं.

"पटलं. बघितलंस ना कसं हसल्या."

"हं."

"आणि वजन पण वाढलं म्हणालास," मी सहज विचारल्यासारखं विचारलं. "किती भरलं?"

गुलाब समोरच्या रस्त्याकडं बघत होता.

"बत्ता धरून की सोडून?" तो म्हणाला.

एक टेम्पो गेला. उसाची मोळी त्यातनं खाली पडली, पोरं धावली.

"त्या दिवशी लॅबात नेला होता बघ," तो म्हणाला. "सशाच्या काट्यावर. तू म्हणालास, ठेचायचे का. तेव्हा मोजला. तेव्हापासून दर शुक्रवारी वजा करतो."

"तिला माहितीये? तुला कळलंय ते?"

"नसेल. कळलं असतं तर तिनं वरवंटा बांधला असता."

मला हसू आलं. गुलाब पण हसला. दोघं बाकावर बसून हसत होतो, आणि बाजूची म्हातारी आमच्याकडं दारुडे असल्यासारखी बघत होती.

"मग वाढलं असं का सांगतोस?" मी विचारलं.

"सांगितलं की ती शांत झोपते. आपण फसवलं म्हणून खूश असते." त्यानं डोळे पुसले. हसण्यानं आलं होतं पाणी, असं धरू. "आणि मला पण जेवायला लागतं मग. ती बघत असते ना."

"सोडून किती आहे, गुलाब?"

गाडी आली. मी चढलो. खिडकीतनं बघितलं तर तो बाकावर तसाच बसलेला.

हा प्रकार मग काही शुक्रवार चालला. मी दर वेळी जायचो आणि उंदरांच्या नवीन मागण्या सांगायचो. सुट्टी पाहिजे, पेन्शन पाहिजे, मांजराविरुद्ध पोलीस बंदोबस्त पाहिजे. सगळे उंदीर कधीच गेलेले आहेत, हे आम्हा तिघांना माहीत होतं. भाभी हसायच्या. मग लुगडं सारखं करायला आत जायच्या, आणि दर वेळी बाहेर यायला जास्त वेळ लागायचा. गुलाब वाकायचा, त्याचे ओठ हलायचे, आणि तो म्हणायचा, वाढलं. शेवटी शेवटी भाभींना काट्यावर उभं राहायला दोघांनी धरावं लागायचं. माझ्या बाजूला बत्ता यायचा. मी धरायचो.

रमजानच्या आधी भाभी गेल्या.

मी पोहोचलो तेव्हा आंगण भरलं होतं. मॅडम आल्या होत्या, भिंतीशी उभ्या होत्या, डोक्यावर ओढणी घेऊन. त्या अर्कावर त्यांनी पुढं काम केलं नाही. मी आधी स्वयंपाकघरात डोकावलो. खल जागेवर होता, आणि बत्ता त्यात उभा. कुणीतरी धुऊन ठेवला होता.

जनाजा उचलायची वेळ आली. मशिदीतला जनाजा सागवानी, जुना, रिकामा उचलला तरी खांदा दुखवणारा. पुढच्या एका खांद्याला गुलाब, दुसऱ्याला त्याचा मेहुणा, आणि गुलाबच्या मागं मी. लोकांनी कलमा म्हणायला सुरुवात केली.

गल्ली ओलांडून रस्त्याला लागलो, वळणावर जरा थांबलो, तेव्हा मला गुलाबचा चेहरा बाजूनं दिसला. तो रडत नव्हता. खांद्यावरच्या दांडीला हात लावून तो सरळ पुढं बघत होता, आणि त्याचे ओठ हलत होते.

बाजूचा एक जण मला म्हणाला, "कलमा म्हणतोय बिचारा."

"हो," मी म्हणलं.